आई ६४ वर्षांची आहे, पोहता येत नाही. डिसेंबरमध्ये जायचा विचार आहे. गुहेतल्या नदीत ट्यूबवर बसून जाणं तिला झेपेल का, आणि कुठे न्यावं?

झेपेल. माझ्या आईला झेपलं, ती तेव्हा ६६ ची होती, दोन्ही गुडघे दुखणारे आणि पाण्यात कंबरेच्या वर आयुष्यात कधी गेलेली नाही. फक्त जागा बरोबर निवडा, कारण ट्यूबिंग हा एकच शब्द सगळीकडे वापरतात आणि प्रकार फार वेगवेगळे असतात. न्यूझीलंडच्या वायटोमोला पण गुहेत ट्यूब असते पण तिथे पाणी बर्फासारखं, अंगात वेटसूट घालायचा आणि छोट्या धबधब्यावरून पाठमोरी उडी मारायची, ते आईंसाठी नाही. तुम्ही इंडोनेशियात गोवा पिंडुलला न्या.

नाव वाचून गोंधळू नका, हा आपला गोवा नाही. तिकडच्या भाषेत गोवा किंवा गुवा म्हणजे गुहा, शब्द संस्कृतातूनच गेलेला आहे. जावा बेटावर योग्यकर्ता शहर आहे, तिथून साधारण ४० किलोमीटरवर गुनुंगकिदुल जिल्ह्यात बेजिहार्जो नावाचं गाव आहे, त्या गावात ही गुहा. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे जकार्तात राहायचो तेव्हा दोनदा गेलो, एकदा आम्ही तिघं आणि दुसऱ्यांदा आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला घेऊन.

गुहा साधारण साडेतीनशे मीटर लांब, आतून नदी वाहते, पण वाहते म्हणजे इतकी हळू की ट्यूब आपोआप फारशी पुढे जातच नाही. गाईड पाण्यात उतरून पोहत पोहत सगळ्यांना दोरीने ओढत नेतो, ट्यूबा एकमेकींना जोडलेल्या असतात, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पाऊण तास लागतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं. पाणी खोल आहे हे मात्र लपवत नाही, पाच ते बारा मीटर सांगतात, त्यामुळे आईंना आधीच सांगून ठेवा की खोल आहे पण आपल्याला पाण्यात उतरायचंच नाहीये, आपण फक्त बसायचंय. माझ्या आईला मी हे घरी सांगितलं नव्हतं, तिथे गाईडच्या तोंडून कळलं आणि ती दहा मिनिटं काठावरच बसून राहिली, ती चूक माझी.

आत सुरुवातीला उजेड असतो, मग अंधुक होतं आणि मधला पट्टा अगदी काळोख. छतावरून चुनखडीचे लोंबते दगड खाली आलेत, एक तर इतका जाड की वरून खाली पाण्यापर्यंत पोचलाय आणि नदीची वाटच अडवलीय, तिथून एका वेळी एकच ट्यूब जाते. माझ्या मुलाने विचारलं होतं की हे कोणी कोरलं, कारण त्याने गुहा म्हणजे अजिंठा-वेरूळच पाहिलेलं. आपल्याकडचा काळा पाषाण माणसांनी छिन्नीने कोरला, इथे पावसाचं पाणी हजारो वर्षं चुनखडीतून झिरपत राहिलं आणि त्यानेच दगड विरघळवला. त्या सगळ्या भागाला गुनुंग सेवू म्हणजे हजार डोंगर म्हणतात, २०१५ पासून युनेस्कोच्या जिओपार्कमध्ये आहे. गंमत म्हणजे वरची जमीन पाण्यासाठी वर्षानुवर्षं तहानलेली, कारण पाणी सगळं खाली जमिनीच्या पोटात पळून जातं. मला त्या गुहेचं हेच सगळ्यात जास्त मनात राहिलंय.

काळोखात गाईड सगळ्यांना टॉर्च बंद करायला सांगतो. वटवाघळांचा बारीक आवाज आणि छतावरून टपटप पडणारं पाणी एवढंच ऐकू येतं. माझी आई घरात एक मिनिट गप्प न बसणारी बाई, ती तिथे पूर्ण गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, आमचा दादा अशीच ट्रॅक्टरची ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकला गं, मला कधी उतरूच दिलं नाही. मी तिचा हात धरला, काय बोलणार. थोडं पुढे गेलं की छताला मोठं भगदाड आहे, तिथून उन्हाचा झोत थेट पाण्यावर पडतो, गाईड म्हणाला चहाया, म्हणजे त्यांच्याकडे उजेड, आणि तो शब्द आपल्या छायेवरूनच गेलाय म्हणतात.

आता कामाचं. तुम्ही डिसेंबर लिहिलाय पण तेव्हा तिकडे पावसाळा असतो, पाणी गढूळ होतं आणि फार वाढलं तर गुहा बंदच ठेवतात, त्यापेक्षा मे ते सप्टेंबर बघा. रविवारी अजिबात जाऊ नका, पहिल्यांदा आम्ही रविवारी अकराला गेलो होतो तर त्या अरुंद जागी ट्यूबांची इतकी गर्दी की लोकांचे पाय आमच्या डोक्याशी, शांतता वगैरे काही नाही. आईबरोबर मधल्या वारी सकाळी आठलाच पोचलो तर आत आम्हीच. योग्यकर्ताहून गाडी ड्रायव्हरसकट ठरवा, रस्त्यात घाट आहे, आईंना गाडी लागत असेल तर गोळी आधी द्या. भारतीयांना व्हिसा तिथे पोचल्यावर मिळतो, तिकडच्या चलनात पाच लाख रुपिया, आकडा ऐकून घाबरू नका.

गुडघ्यांचा प्रश्न गुहेत येतच नाही, तो येतो ट्यूबमध्ये बसताना आणि शेवटी बाहेर पायऱ्या चढताना. गाईडला आधीच गुडघ्याला हात लावून दाखवा, ते गावातलेच लोक आहेत, फार मायेने करतात, आमच्याकडे दोघांनी ट्यूब धरली आणि आईला खुर्चीत बसवावं तसं बसवलं. साडी नको, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी गाडीत ठेवा, चष्म्याला दोरी बांधा. वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा, वटवाघळं आहेत.

बाहेर आल्यावर थिवुल खायला द्या, आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच कंदाच्या पिठाचा असतो. माझी आई म्हणाली, उपासाला चालेल. शाकाहारी असाल तर योग्यकर्तात गुडेग मिळतं, कच्च्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी, गोडसर असते, अंडं-कोंबडी वेगळी ठेवायला सांगा.

आणि एक, ट्यूबा लावताना तुम्ही आईंच्या पुढे बसू नका, मागच्या ट्यूबवर बसा. पुढे बसलात तर तुम्हाला सारखं वळून बघावं लागेल आणि काळोखात त्या तुम्हाला दिसणारही नाहीत, मागे बसलात तर हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचतो.