शिकवणारा गेला, की पहिले पाढे पंचावन्न
वाचकांचे प्रश्न : घरातील कुत्र्याचे शिक्षण आणि व्यायाम

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर १४ महिन्यांचा आहे. गेले २ महिने आठवड्यातून ३ दिवस प्रशिक्षक येऊन त्याला इमारतीच्या गच्चीवर शिकवतात. त्यांच्यासमोर तो बसतो, थांबतो, पायाशी चालतो; ते गेले, की घरात कोणाचेही ऐकत नाही. गेल्या आठवड्यात गेटबाहेर मांजर दिसताच त्याने असा हिसका दिला, की माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाई पडता पडता वाचल्या. आता प्रशिक्षक म्हणतात, की त्याला काट्यांचा गळपट्टा घाला, नाहीतर महिनाभर शहराबाहेरच्या निवासी केंद्रात ठेवा. आम्ही काय करावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : यांपैकी काहीही करण्याआधी एक दिवस स्वतः गच्चीवर जाऊन पूर्ण शिकवणी पाहा, आणि त्या वेळात पट्टा प्रशिक्षकांच्या हातात किती मिनिटे असतो व तुमच्या हातात किती, हे घड्याळ लावून मोजा. बहुतेक घरांत मी असे पाहिले आहे, की प्रशिक्षक आणि कुत्रा वर असतात आणि घरची मंडळी खाली त्यांच्या चहाच्या तयारीत असतात. तुमचा कुत्रा शिकलेला आहे, यात शंका नाही. मात्र तो जे शिकला आहे, ते सकाळची वेळ, गच्ची आणि कमरेला खाऊची पिशवी लावलेला एक विशिष्ट माणूस एवढ्यापुरतेच आहे. आपल्याला एकदा पाढे पाठ झाले, की ते शाळेत येतात तसे भाजीबाजारातही येतात. कुत्र्याला मात्र गच्चीवरचे ‘बस’ आणि गेटवरचे ‘बस’ हे दोन वेगळे धडे वाटतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. परंतु त्या कामात त्यांच्या लक्षात आले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, ते रोज आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटते. तुमच्या कुत्र्याच्या लेखी ती चाहूल प्रशिक्षकांची आहे, तुमची नाही.

म्हणून यापुढची शिकवणी गच्चीवरून खाली आणा : आधी दिवाणखान्यात, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये आणि शेवटी गेटबाहेर. पट्टा तुमच्या हातात असावा आणि प्रशिक्षकांनी शेजारी उभे राहून तुम्हाला सांगावे. शब्दही सर्वांचा एकच हवा. वडील ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस’ म्हणते आणि नातू ‘बस ना रे बाबा’ म्हणतो, अशा घरात कुत्र्याने कोणाचे ऐकायचे? पट्टा ताणला गेला, की तुम्ही जागच्या जागी थांबावे. ओढू नये, ओरडू नये. तो मागे वळून पाहील आणि पट्टा सैल पडेल, त्याच क्षणी शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा तुमच्या मांडीजवळ त्याला द्यावा आणि पुढे निघावे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला पंधरा मिनिटे लागतील आणि शेजारीपाजारी हसतील. दोन्ही चालवून घ्यावे.

काट्यांचा गळपट्टा मी सुचवणार नाही. मांजर दिसताच मानेला कळ आली, तर कुत्रा ‘ओढू नये’ असे शिकेलच असे नाही. ‘मांजर दिसले, की दुखते’ असेही तो शिकेल, आणि मग भुंकणे व अंगावर जाणे सुरू होते. त्याऐवजी छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस घ्यावा. त्यात कुत्र्याने जोर केला, की त्याचेच अंग बाजूला वळते आणि ओढण्याची ताकद कमी होते. सासूबाईंनी मात्र सध्या त्याला बाहेर नेऊ नये आणि पट्टा मनगटाला गुंडाळून धरण्याची सवय घरात कोणीही लावून घेऊ नये.

निवासी केंद्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गच्चीवर शिकलेले घरात येत नसेल, तर शहराबाहेर शिकलेले विलेपार्ल्याच्या रस्त्यावर कसे येईल? शिवाय तेथे त्याला कोणत्या पद्धतीने शिकवले जाते, हे तुम्हाला दिसणार नाही. प्रशिक्षक होण्यासाठी कोणतीही ठरावीक पदवी लागत नसल्याने पारख आपल्यालाच करावी लागते, आणि ‘तुम्ही समोर असलात, की तो बिघडतो’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला मी तरी दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. आमच्या ३ वर्षांच्या बीगलला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवण्यासाठी एक मुलगा ठेवला आहे. तरीही दुपारी तो हेल काढून रडतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. व्यायाम कमी पडतो का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : त्या अर्ध्या तासात नेमके काय होते, हे आधी पाहावे लागेल. एखाद्या दिवशी रजा घेऊन थोड्या अंतराने मागे जा. एका हातात पाच पट्टे, दुसऱ्या हातात मोबाइल आणि दहा मिनिटे चहाच्या टपरीपाशी, असे दृश्य दिसले, तर नवल वाटून घेऊ नका. त्या मुलाचाही सगळा दोष नाही. कुत्र्यामागे मिळणारी रक्कम तुटपुंजी असली, की तो एकदम पाच कुत्रे घेणारच. थोडे जास्त पैसे देऊन तुमच्या एकट्या कुत्र्यासाठी वेळ ठरवून घ्यावी.

बीगल ही जात वासावरून सशाचा माग काढण्यासाठी तयार झाली, आणि मागावर असताना लांब सूर काढणे हेही तिच्या रक्तातच आहे. असा कुत्रा नुसता खेचत नेला, तर पाय थकतात, डोके रिकामेच राहते. झाडाचे खोड, गेटचा कोपरा, उभ्या स्कूटरचे चाक त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. अंतर निम्मे झाले, तरी चालेल. दुपारच्या रडण्याचे मात्र मोबाइलवर चित्रण करून पाहा. तुम्ही दार लावताच तो दाराशी घुटमळत, धापा टाकत, लाळ गाळत रडत असेल, तर तो कंटाळा नसून एकटेपणाची भीती आहे आणि ती चालण्याने जाणार नाही. त्यासाठी पशुवैद्यांचा सल्ला घ्या, आणि अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे असे बाहेर राहून त्याला हळूहळू सवय लावा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो : सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात क्रूरता म्हणूनच मोजले आहे.

प्रश्न : सोसायटीने कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी केली आहे. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. ती प्रत व्यवस्थापन समितीला द्यावी. सोबत रेबीजच्या लसीची नोंद आणि महानगरपालिकेचा परवाना जोडावा. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारी व्यक्ती असेल, तर पुढच्या फेरीला थांबावे. असे दोन-चार वेळा दिसले, की विरोध आपोआप मवाळ होतो.

प्रश्न : पावसाळ्यात फिरायला कसे न्यावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : पाऊस पडतो म्हणून नव्हे, तर पाणी साचते म्हणून काळजी घ्यावी. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून तो आपल्यालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी द्यावी आणि तुंबलेल्या पाण्यातून त्याला मुळीच चालवू नये. मुसळधार दिवशी पार्किंगमध्येच दोन फेऱ्या माराव्यात आणि घरी जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्यांत रोजच्याच खाण्याचे दाणे लपवून त्याला शोधू द्यावेत. वीस मिनिटांत तो गाढ झोपतो. जिना वर-खाली करण्याचा व्यायाम म्हाताऱ्या, वजनदार किंवा अगदी लहान कुत्र्यांना देऊ नये. घरी आल्यावर बोटांमधील खाचा कोरड्या कराव्यात आणि कानांमागे गोचीड आहे का, हे बोट फिरवून पाहावे. गोचीड सापडली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी. रॉकेल लावू नये.