खुशालचेंडू नव्हे, वल्ली

प्रश्न असा आला आहे. एका घरातले काका गेले. जन्मभर हसले, घरादाराला हसवलं आणि संसारही जीव लावून केला. त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका निघते आहे. तिच्यात पुतण्याने लिहिलं, ‘आमचे काका म्हणजे एक नंबरचे खुशालचेंडू.’ ते वाचून आत्या बिघडल्या. म्हणाल्या, ‘खुशालचेंडू काय लिहितोस? वल्ली लिही.’ त्यावर आणखी कुणीतरी आक्षेप घेतला, की वल्ली म्हणजे वेल, माणसाला वेल कसं म्हणणार? आता पुतण्या विचारतो आहे की लिहू तरी काय.

आत्यांचं ऐका. त्यांचा राग बरोबर आहे आणि त्यांनी सुचवलेला शब्द तर सोन्यासारखा आहे.

‘खुशालचेंडू’ ही कौतुकाची पदवी म्हणून वापरलेली मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सहन होत नाही. शब्दात ‘खुशाल’ दिसतं, चेंडू तर टुणटुणीतच असतो, तेव्हा अर्थ ‘आनंदी माणूस’ असणार, असा हिशेब लोक परस्पर मांडतात. खुशालचेंडू म्हणजे ज्याला कशाची फिकीर नाही, कामाची नाही, घराची नाही आणि घरच्यांचीही नाही, असा चैनी गडी. खुशाल हा मुळातला ‘खुशहाल’. ‘खुशाली कळवा’ म्हणताना तो प्रेमळ असतो, पण ‘जायचं तर खुशाल जा’ म्हणताना त्याच शब्दाला धार येते. खुशालचेंडूतला खुशाल या दुसऱ्या जातीचा आहे. माझा अंदाज असा की आधी कुणा ऐतखाऊ खुशालचंदाची टर उडवली गेली असेल आणि त्यातल्या ‘चंद’चा चेंडू झाला असेल. अंदाज पटो न पटो, ज्या माणसाने संसार सांभाळला त्याच्या गळ्यात हा शब्द बांधू नये. तो शब्द संसार वाऱ्यावर सोडणाऱ्याचा आहे.

आणि हात जोडून विनंती, ‘एक हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले’ असंही लिहू नका. व्यक्तिमत्त्व माणसाला असतं, माणूस व्यक्तिमत्त्व नसतो. ‘हसतमुख माणूस’ म्हटल्याने काकांची उंची कमी होत नाही.

‘कुटुंबवत्सल’ चालेल, उत्तम शब्द आहे. वत्स म्हणजे वासरू. वासरासाठी गायीला पान्हा फुटतो तशी ज्याची माया, तो वत्सल. जुन्या बोलण्यात ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको, हेही ध्यानात असू द्या. काकूंना वाचून बरं वाटेल.

आता वल्ली.

सरळ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते या वेलीच्या आक्षेपावर. व्याख्यानांतून आणि लेखांतून तो वारंवार येतो, मोठ्या विद्वत्तेने मांडला जातो आणि साफ चुकीचा आहे. संस्कृतात वल्ली म्हणजे वेल, हे खरं. नागवल्ली म्हणजे विड्याच्या पानांची वेल, अमृतवल्ली म्हणजे गुळवेल. कठोपनिषदाच्या प्रकरणांना वल्ली म्हणतात. तैत्तिरीयात तर शीक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली आणि भृगुवल्ली अशा तीन वल्ली आहेत. यातली ब्रह्मानंदवल्ली पकडून काही मंडळी सांगतात की आनंद पसरवत जाणारा माणूस वेलीसारखा पसरतो, म्हणून तो वल्ली. ऐकायला गोड आहे, पण ही व्युत्पत्ती नाही, हे कीर्तन झालं. मराठीत ‘काय वल्ली आहे!’ म्हणताना कुणाच्याही मनात वेल नसते. त्या उद्गारात थोडं आश्चर्य असतं, थोडा वैताग असतो आणि पुष्कळ माया असते. वेलीत यातलं काय आहे?

हा शब्द अरबी ‘वली’ आहे. वली म्हणजे जवळचा, सखा, पाठीराखा. त्यावरून ईश्वराचा सखा, म्हणजे सिद्धपुरुष. मूळ धातूतच ‘निकट असणे’ हा अर्थ आहे. मग एका ‘ल’चे दोन कसे झाले, असं विचाराल तर मराठीच्या जिभेला विचारा. हिंदीत गली, आपल्याकडे गल्ली. अरबी मुदाम, म्हणजे सतत चालणारं, आपल्याकडे मुद्दाम. अरबी हाली, म्हणजे सद्याचं, आपल्याकडे हल्ली. असल्या दोन स्वरांमधल्या एकेकट्या व्यंजनावर मराठी माणूस दाब देतो आणि शब्द ठसठशीत करून घेतो. गलीची गल्ली होते तशीच वलीचा वल्ली. इतका सरळ रस्ता समोर असताना उपनिषदांच्या रानात शिरायचं कारण काय?

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं ते सांगतो. वलीचं अरबी अनेकवचन काय? औलिया. आणि औलिया म्हणजे आपला अवलिया! ‘तो वल्ली आहे’ आणि ‘तो अवलिया आहे’ असं आपण दोन वेगळे शब्द समजून म्हणतो, पण तो एकच शब्द आहे, एकदा एकवचनात आणि एकदा अनेकवचनात. एकट्या माणसाला अनेकवचन कसं, ही शंका नको. अरबी अनेकवचनं एकवचनी करून घेण्याची मराठीला जुनीच सवय आहे. अमीरचं अनेकवचन उमरा, त्याचा आपण उमराव केला आणि ‘अमीर-उमराव’ म्हणताना दोघांना शेजारी बसवलं. हालचं अनेकवचन अहवाल, आपण तो एकेक करून सादर करतो. आणि अफवा! अफवा म्हणजे अरबीत ‘तोंडं’. अनेक तोंडं मिळून आपली एक अफवा होते. एवढा नेमका शब्द कुणी ठरवून घडवला असता तरी साधला नसता.

अवलियाच्या बाबतीत मात्र नुसती सवय नाही, आदरही आहे. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया १३२५ साली निवर्तले. ते एकटेच होते, तरी नावापुढे औलिया, म्हणजे ‘वली’चं अनेकवचन. थोराचा एकट्याचा उल्लेख अनेकवचनाने करणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण तेच करतो. काका ‘आला’ नाही, काका ‘आले’. काका ‘होता’ नाही, ‘होते’. म्हणून मी म्हणतो, अवलिया हे वल्लीचं आदरार्थी बहुवचन आहे. हे कोशात कुणी असं मांडलेलं नसलं तरी मी ते सोडणार नाही.

सिद्धपुरुषापासून गमत्या माणसापर्यंत अर्थ आला कसा? वलीला लोकरीतीची पर्वा नसते. तो मनात येईल तिथे बसतो, मनात येईल ते बोलतो, राजालाही आणि पोरालाही एकाच सुरात. लोकांनी त्याचं ईश्वराशी असलेलं नातं बाजूला ठेवलं आणि वागण्यातला मोकळेपणा उचलला. मग असा मोकळा वागणारा कुणीही वल्ली झाला. पुढे दोन्ही शब्दांत फरक पडत गेला. अवलियाला थोडं वैराग्य चिकटलं, थोडा विक्षिप्तपणा चिकटला, त्याला घर असलंच पाहिजे असं नाही. वल्ली मात्र आपल्या माणसांत रमतो. तो घरातला असतो, शेजारचा असतो, त्याचे किस्से पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. त्यामुळे तुमच्या काकांना अवलिया नको, वल्लीच हवा. इथे मूळ अर्थ परत भेटतो तेव्हा मला फार आनंद होतो, कारण वली म्हणजे आधी ‘जवळचा’. दूरच्या माणसाला आपण कधी वल्ली म्हणतो का?

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि हा शब्द मराठी घरांत कायमचा राहायला आला. त्या जोडीचा एक परिणाम झाला असावा असं मला वाटतं. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, तिच्या शेजारी बसून वल्लीही स्त्रीलिंगी झाली. ‘ही वल्ली कुठून आली’ असं आपण पुरुषाबद्दलही म्हणतो ते म्हणून. वेलवाले हाच मुद्दा आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करतात, की बघा, वेल स्त्रीलिंगी आणि वल्लीही स्त्रीलिंगी. पण लिंग संगतीने बदलतं, त्यासाठी वंश बदलावा लागत नाही. ‘काका मोठे वल्ली होते’ हे मराठी कानाला जराही खटकत नाही.

याच धातूचा गोतावळा मराठीत केवढा मोठा आहे, तेही पाहून ठेवा. वक्फ मालमत्तेची व्यवस्था पाहणारा मुतवल्ली, तो याच घराण्यातला. विलायत म्हणजे मुळात कुणाच्या तरी अधिकाराखालचा प्रांत, मग परमुलूख आणि शेवटी इंग्लंड. मौला आणि मौलवी तर उघडच. आणि मवाली! मौला या शब्दाला अरबीत धनी हाही अर्थ आहे आणि आश्रित हाही. त्याचं अनेकवचन मवाली. आश्रितांचा, मागे फिरणाऱ्यांचा घोळका म्हणजे मवाली, आणि त्यातून आपला नाक्यावरचा मवाली. एकाच मुळातून एक फांदी संताकडे गेली आणि एक गुंडाकडे.

पण या गोतावळ्यात मला सगळ्यांत प्रिय आहे तो ‘वाली’. ‘त्याला कोणी वाली उरला नाही’ मधला. यावरही वाद घालणारे आहेत. एक पक्ष रामायणातला वाली आणतो. अहो, त्या वालीने सख्ख्या भावाला देशोधडीला लावलं, तो अनाथांचा आधार कुठून झाला? दुसरा पक्ष संस्कृत ‘पाल’वरून ‘वाली’ काढतो. हा पक्ष निदान भाषाशास्त्राला धरून बोलतो, ‘-वाला’ प्रत्यय तिथूनच आला आहे. पण मग ‘वाली-वारस’ या जोडीचं काय कराल? वारस अरबी, कायद्याच्या भाषेतला. त्याच्या शेजारचा वालीही तिथलाच असला पाहिजे. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या पालकाला आजही वली म्हणतात. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो, आणि वाली नसलेला म्हणजे ज्याला सांभाळणारा नाही तो. दोन्ही शब्द हातात हात घालून एकाच दप्तरातून बाहेर पडले आहेत.

परकी शब्द म्हणून हे सगळे झाडून टाकायला निघालेल्यांशी माझं जुनं भांडण आहे. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. इतकं मोलाचं काम क्वचित झालं आहे. तेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. पहिल्या माधवरावांपुढे मी नतमस्तक आहे, दुसऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. वाली शब्द काढून ‘पालनकर्ता’ घातला तर पोरक्या माणसाचं दुःख कुठल्या शब्दात सांगायचं? आणि मौज काढून टाकली तर? अरबीत मौज म्हणजे लाट. तीच आपली मौज, मौजमजेतली. संस्कृत लहरीचा आपण लहरी माणूस केला आणि अरबी लाटेची मौज. दोन्हीकडून लाटच आली, एकीची लहर झाली आणि दुसरीची गंमत. हे असं घडलेलं असताना कुठला शब्द घरचा आणि कुठला पाहुणा, हे ठरवायला बसणारे भाषेवर अन्याय करतात.

तर पुतण्याने लिहावं, ‘काका मोठे वल्ली होते आणि साऱ्या घराचे वाली होते.’ वल्ली आणि वाली, एकाच धातूची दोन रूपं. पहिल्यात त्यांचं हसवणं आलं, दुसऱ्यात त्यांचा संसार आला. अनुप्रास आपोआप साधला आहे, त्यामुळे वर आणखी विशेषणं चढवू नका. ‘दिलखुलास’, ‘मनमुराद’, ‘आनंदयात्री’ हे सगळं गाळा आणि त्या जागी त्यांचे दोन किस्से घाला, त्यांच्याच शब्दांत, जसे ते सांगायचे तसे. आणि छपाईला देण्याआधी मजकूर एकदा आत्यांना वाचून दाखवा.