वाचकांचे प्रश्न : लोखंडी पेटीतल्या फारसी पोथ्या

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळवदाखालील अंधाऱ्या खोलीत एक लोखंडी पेटी निघाली. तीत लाल कापडात बांधलेली सोळा हस्तलिखिते आहेत आणि अक्षर उर्दूसारखे दिसते. आमचे घराणे देशपांड्यांचे. काही नातेवाईक म्हणतात की हे धर्मग्रंथ असतील, मशिदीत नेऊन द्यावेत. काही म्हणतात की चांगली किंमत येईल, विकून टाकावेत. हे काय असू शकेल आणि आम्ही काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : देशपांड्यांच्या घरात या पोथ्या निघाल्या, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बहमनी काळापासून आसफजाही, म्हणजे निजामाच्या, काळापर्यंत या मुलखातील वरिष्ठ दरबाराची भाषा बहुतांश फारसी होती. हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. परगण्याचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला मोडीबरोबर फारसीही यावी लागे, आणि त्यासाठी फारसी कवी सादीचे ‘गुलिस्ताँ’ आणि ‘बोस्ताँ’, पत्रलेखनाचे नमुने देणारे ‘इन्शा’चे संग्रह, ‘सियाक’ या अंकलेखन पद्धतीची पुस्तके अशी सामग्री घरात असे. त्यामुळे आपल्या पेटीत व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, काव्य, पत्रसंग्रह यांपैकी काहीही असू शकते. लिपी एक आहे म्हणून मजकूर धार्मिकच असेल, हे अनुमान सर्वप्रथम बाजूला ठेवावे, कारण याच समजुतीपायी अनेक घरांतील पोथ्या न वाचताच विहिरीत किंवा नदीत विसर्जित झाल्या आहेत.

भाषा कोणती हे ठरविण्यासाठी जाणकाराची गरज लागेलच, तरी काही खुणा आपणही पाहू शकता. अरबी मजकूर बहुधा ‘नस्ख’ वळणात, स्वरचिन्हांसह आणि सरळ ओळीत असतो. फारसी आणि उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे उतरत जाणाऱ्या ‘नस्तालीक’ वळणात आढळतो. हिशेबाचे आणि दरबारी कागद ‘शिकस्ता’ या घाईच्या वळणात असतात, आणि ते वाचणे चांगल्या फारसी जाणकारालाही जड जाते. जुन्या दखनी उर्दूत ट, ड, ड़ ही अक्षरे दाखविण्यासाठी आजच्यासारखे लहान चिन्ह नसून बऱ्याचदा अक्षरावर चार ठिपके दिलेले असतात. असे ठिपके दिसले तर ती पोथी दखनी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि वली व सिराज या जुन्या उर्दू कवींच्या औरंगाबादेशी नाते सांगणाऱ्या या प्रदेशात अशी पोथी निघणे ही आनंदाची गोष्ट आहे.

यानंतर प्रत्येक पोथीचे शेवटचे पान काळजीपूर्वक पाहावे. हे पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणजे आपल्या सवयीने जे पहिले पान वाटते तेच शेवटचे असते. संस्कृत-मराठी पोथीच्या अखेरीस जशी पुष्पिका असते, तसाच येथे ‘तरकीमा’ असतो. तो पुष्कळदा खाली निमुळत्या होत जाणाऱ्या त्रिकोणात लिहिलेला असून त्यात नकल करणाऱ्या कातिबाचे नाव, हिजरी तारीख आणि कधी कधी गावाचे नाव दिलेले असते. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्यात थेट ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवल्यास इसवी सन ढोबळमानाने मिळतो. उदाहरणार्थ, ११७२ हिजरी म्हणजे १७५८-५९. पानांवरील शिक्के, समासातील टिपणे, जिल्दीच्या आतील बाजूस कुणी लिहून ठेवलेला घरातील जन्माचा किंवा मृत्यूचा दिवस, हे सारे पोथीच्या मूळ मजकुराइतकेच मोलाचे आहे. एखाद्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहिलेले आढळले तर ते लेखकाचे नाव समजू नये. किड्यांचा अधिपती मानल्या गेलेल्या कबीकजला पोथी वाचविण्यासाठी घातलेले ते साकडे आहे.

आता जपणुकीविषयी. शाई बहुधा काजळी आणि डिंक यांची असते आणि ती पाण्याने विरघळते, म्हणून ओल्या फडक्याने एकही पान पुसू नये. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, पाने प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेऊ नयेत आणि उन्हात पसरून वाळवू नयेत. मजकुराभोवती हिरव्या रेघांची चौकट असेल तर ते पान उलटताना विशेष जपावे, कारण तांब्यापासून केलेला तो जंगाल नावाचा हिरवा रंग कागद खातो आणि कालांतराने चौकटीवरच चीर पडून मजकुराचा भाग समासापासून सुटून येतो. कागद जाड, गुळगुळीत आणि किंचित पिवळसर असेल तर तो कदाचित दौलताबादी असेल. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनविण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे आणि तेथील कागद मराठ्यांच्या दफ्तरांतही वापरात होता. पोथ्या धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात बांधून, लोखंडी पेटीऐवजी हवा खेळती राहील अशा लाकडी कपाटात, आडव्या ठेवाव्यात. पावसाळ्यात माळवद गळते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर दूर असावे.

विक्रीविषयी माझे मत स्पष्ट आहे : विकू नये. पुरावस्तू व कलासंपत्ती कायदा, १९७२ अन्वये शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. कायद्यापेक्षाही मोठे कारण असे की व्यापाऱ्याच्या हाती गेलेल्या संग्रहाची सोळा पुस्तके सोळा ठिकाणी जातात, आणि ती एका परगण्यातल्या एका दफ्तरदार घराने मिळून वाचली होती, ही माहिती कायमची नष्ट होते. म्हणून आधी एक वही घ्यावी. पेटी कोणत्या खोलीत होती, कापडाच्या कोणत्या गाठोड्यात कोणती पोथी होती, घरात फारसी जाणणारे शेवटचे माणूस कोण होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. प्रत्येक पोथीला पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावावी, पोथीवर मात्र काहीही लिहू नये. मग मोबाइलने पहिल्या आणि शेवटच्या पानांची छायाचित्रे काढून ती विद्यापीठाच्या उर्दू किंवा इतिहास विभागातील प्राध्यापकांना दाखवावीत. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम सुरू केली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणासाठी ज्ञान भारतम् ही मोहीम जाहीर केली. अशा नोंदणीत पोथी मालकाकडेच राहून तिची माहिती सूचीत येऊ शकते. मशिदीत देण्याचा विचार सद्भावनेचा आहे, परंतु त्यातील कुराणाची प्रत असेल तीच द्यावी की सर्व संग्रह एकत्र ठेवावा, हे मजकूर समजल्यानंतर ठरवावे.

प्रश्न : औरंगाबादच्या किल्ले अर्कमधील मोगल कागदपत्रे हैदराबादला गेली असे ऐकतो. ती आता कोठे आहेत? मराठवाड्यात याविषयी काहीच उरले नाही का?
— इतिहासाची एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराची ही दफ्तरे १९१६ मध्ये औरंगाबादहून हैदराबादला हलविण्यात आली आणि आज ती तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. लाखाहून अधिक कागदांचा हा साठा आहे. त्यातील ‘अर्ज-ओ-चेहरा’ या प्रकारचे कागद आपण अवश्य अभ्यासावेत. त्यांत शिपायाच्या चेहऱ्यावरील व्रण आणि तीळ, त्याच्या घोड्याचा रंग आणि डाग यांची नोंद असते, आणि तीनशे वर्षांपूर्वी छावणीत उभा राहिलेला साधा माणूस डोळ्यांपुढे येतो. दख्खनच्या सुभ्यांचा आणखी एक मोठा साठा, इनायत जंग संग्रह, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ग्रंथरूप हस्तलिखितांसाठी हैदराबादचाच रस्ता धरावा लागतो. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या आसफिया ग्रंथालयाची हस्तलिखिते पुढे तेथील शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात गेली, आणि सालारजंग संग्रहालयाचा अरबी, फारसी व उर्दू संग्रहही तितकाच महत्त्वाचा आहे.

कागद हलले म्हणून नाते तुटत नाही, तरी स्थानिक विद्यार्थ्याला स्वतःच्या शहराचा इतिहास वाचण्यासाठी पाचशे किलोमीटर जावे लागते याचे मला मनापासून दुःख आहे. त्या साठ्यांच्या डिजिटल प्रती मराठवाड्याच्या विद्यापीठात असाव्यात, ही मागणी आपल्यासारख्यांनी लावून धरावी.

या संदर्भात आपल्या शहरातील एक घटना सांगण्यासारखी आहे. शाहनवाज खान हा निजामाच्या दरबारातील मुत्सद्दी औरंगाबादेत ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल अमीरांचा चरित्रकोश लिहीत होता. १७५८ मध्ये त्याचा खून झाला, त्याच सुमारास त्याचे घर लुटले गेले आणि अपुऱ्या ग्रंथाची पाने नाहीशी झाली. त्याचे स्नेही गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी सुमारे वर्षभर शोध घेऊन ती मिळवली, जुळवली आणि त्यांना प्रस्तावना लिहिली. पुढे शाहनवाजच्या मुलाने, अब्दुल हईने, १७८० मध्ये ग्रंथ पूर्ण केला. सातशेहून अधिक चरित्रांचा हा कोश आज मोगल इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असतो, तो एका माणसाने विखुरलेली पाने शोधण्याचा ध्यास घेतला म्हणून. हे आझाद पाणचक्कीच्या तकियात (फकिरांच्या मठात) अनेक वर्षे राहिले आणि त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांचे शिष्य लछमीनारायण शफीक यांनी उर्दू कवींची चरित्रे लिहिली, तशीच मराठ्यांची फारसी बखरही लिहिली. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी याच फारसी साधनांची दारे मराठी वाचकांसाठी उघडली. फारसी शिकण्याचा आपला विचार असेल तर त्यांच्या अनुवादांपासून आरंभ करावा आणि शेजारी मूळ ग्रंथ ठेवावा.

प्रश्न : आजोबांच्या उर्दू खरेदीखतावर ‘१५ तीर १३३२ फसली’ अशी तारीख आहे. इसवी सन कोणता?
— एक शेतकरी, बीड जिल्हा

उत्तर : हैदराबाद संस्थानातील या काळातले फसली, म्हणजे महसुली, वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजुर महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारखेसाठी फसली सनात ५९० आणि त्यापुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावेत. तीर हा आठवा महिना, म्हणून आपले खत १९२३ च्या मे महिन्याच्या सुमाराचे आहे. त्याच कागदावर नोंदणी कचेरीच्या शिक्क्यात हिजरी किंवा इसवी तारीख दिसत असेल तर तीही वाचून घ्यावी, आणि दोन्ही जुळल्या की मगच वर्ष पक्के धरून ते फेरफाराच्या अर्जात लिहावे.