सावली स्क्रीनवर, चौकोन लेबलावर

प्रश्न : मी नौपाड्यात घरगुती फराळ आणि मसाले करून विकते. लोगो भाच्याने करून दिला. खलबत्ता, त्याखाली नाव आणि मागे मऊशी सावली. पांढऱ्या पिशव्यांवर छान दिसतो. यंदा पिवळी लेबलं केली. खर्च वाचावा म्हणून पिवळा आणि मरून अशा दोनच खास, म्हणजे तयार रंगाच्या, शाया घेतल्या. छापून आल्यावर बघते तर खलबत्त्याभोवती पांढरट चौकोन! स्क्रीनवर तो नव्हता. प्रेसवाले म्हणतात फाइल खराब, भाचा म्हणतो प्रेस खराब.

उत्तर : ताई, दोघांचंही भांडण जरा बाजूला ठेवा आणि भाच्याला एवढंच विचारा, की फाइल कोणत्या प्रकारात पाठवली होतीस? मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत छपाईच्या प्लेटला (प्रत्येक शाईची एक) जाण्याआधीच्या फाइली तपासते. तुमच्यासारखा चौकोन समोर आला की माझा पहिला संशय ईपीएसवर जातो. ईपीएस म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, छपाईयंत्राला पान समजावणारी जुनी भाषा, आणि पोस्टस्क्रिप्टला अर्धपारदर्शक काही कळत नाही. वरची वस्तू खालचीला झाकते, एवढंच त्याचं गणित. त्यामुळे फाइल सेव्ह करतानाच सॉफ्टवेअर सावली आणि तिच्याखालचा पिवळा एकत्र करून त्याचं एक चौकोनी चित्र बनवतं. हे चित्र जर नेहमीच्या चार रंगांत (सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) गेलं, तर त्यातला पिवळा तुमच्या खास पिवळ्या शाईचा राहत नाही. खास पिवळ्याच्या प्लेटला तेवढ्या जागेत सरळ भोक पडतं. मशीनवर चार रंगांच्या शाया नाहीतच, मग त्या भोकातून कागद दिसणार नाही तर काय! स्क्रीन मात्र सगळे रंग मिसळूनच दाखवते, म्हणून तिथे चौकोन दिसला नाही.

भाच्याला खात्री करायची असेल तर त्या फाइलची पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडून आउटपुट प्रिव्ह्यूत जाऊ दे आणि एकेक शाई बंद करू दे. फक्त पिवळी चालू ठेवली की भोक लगेच दिसेल. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येही सेपरेशन्स प्रिव्ह्यू (एकेक शाई वेगळी दाखवणारी सोय) आहे. हे पाहणं प्लेट काढण्याआधीचं काम, आणि ते प्रेसनेही करायला हवं होतं, हेही सांगून ठेवते.

आता उपाय. पारदर्शकता जिवंत ठेवणारी पीडीएफ २००१ पासून आहे, तिची आवृत्ती १.४. प्रेसने पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक ठरलेला प्रकार) मागितली तर तिच्यात पारदर्शकता चालतच नाही; पीडीएफ/एक्स-४ मध्ये चालते. तुमच्या प्रेसला एक्स-४ घेता येत असेल आणि दोन्ही खास शाया फाइलमध्ये खास म्हणूनच ठेवल्या असतील, तर चौकोन जाईल. पण सावली काळी असेल तर प्रश्न उरतोच. तुमच्या कामात काळी शाई कुठे आहे?

म्हणून मला विचाराल तर मऊ सावली काढूनच टाका. खलबत्त्याच्या आकाराची प्रत घ्या, थोडी उजवीकडे-खाली सरकवा, तिला मरूनचा २० टक्के टिंट (फिकी छटा) द्या आणि ओव्हरप्रिंट (खालच्या शाईला भोक न पाडता तिच्यावरच छापणं) लावा. पिवळ्यावर मरूनचे बारीक ठिपके बसतील, सावली दिसेल, तिसरी प्लेट लागणार नाही. कडा मऊ नसेल, पण मसाल्याच्या डबीएवढ्या लेबलावर ती मऊ कडा दिसते तरी कुणाला?

पुढे कधी चार रंगांत छापलंत तर एक लक्षात असू द्या. पिवळ्यावर काळ्याची सावली हिरवट मारते, शेवाळ आल्यासारखी. १०० टक्के पिवळ्यावर २० टक्के ओपॅसिटीचा (म्हणजे ८० टक्के पारदर्शक) काळा मल्टिप्लायने, म्हणजे खालच्या रंगात मिसळून, टाकला तर पिवळा १०० राहतो आणि काळा २० मिळतो. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग झाकत, टाकला तर पिवळाच ८० वर उतरतो, म्हणजे हिरवटपणाबरोबर फिकेपणाही आला. त्यापेक्षा १०० पिवळ्यात २० मजेंटा घाला. सावली हळदीच्या रंगाकडे झुकते, आणि खाण्याच्या वस्तूला ती शोभते.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहते, डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका नर्सरीसाठी दोन पानांचा लोगो केलाय. पानं एकमेकांवर येतात, दोन्हींना ६० टक्के ओपॅसिटी आहे. पांढऱ्यावर सुंदर दिसतो, गडद हिरव्या पाटीवर मात्र पानं गढूळ होतात. शिवाय वेबसाइटवर एसव्हीजीमध्ये (वेबसाठीच्या रेषाचित्राच्या फाइलमध्ये) खालची सावली सरळ रेषेत कापली जाते.

उत्तर : गढूळ होणारच गं. ६० टक्के ओपॅसिटी म्हणजे उरलेले ४० टक्के पाटीचा रंग. लोगोचा रंग ठरवण्यात तू पाटीला भागीदार करून घेतलंस. हिशोब सोपा आहे, कागदावर करून बघ. नॉर्मल मोडमध्ये ५० टक्के ओपॅसिटीचा सायन १००, मजेंटा ७० असलेला निळा पांढऱ्यावर ठेवला तर सायन ५०, मजेंटा ३५ मिळतो. तोच १०० टक्के पिवळ्यावर ठेवला तर सायन ५०, मजेंटा ३५ आणि वर पिवळा ५०. तो निळा राहिलाच नाही.

ओव्हरलॅपचा खेळ सोडायची मात्र गरज नाही. मास्टरकार्डचं २०१६ चं चिन्ह काढून बघ. लाल आणि पिवळसर वर्तुळ एकमेकांत शिरतात, पण मधला भाग पारदर्शक नाही. तो वेगळा आकार आहे आणि त्याला स्वतःचा पक्का नारिंगी रंग दिलेला आहे. म्हणून काळ्या कार्डावरही तो नारिंगी बदलत नाही. तूही तसंच कर. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं डिव्हाइड, कोरलमध्ये इंटरसेक्ट. तीन आकार होतील. पांढऱ्यावर दिसणारे तीन रंग आयड्रॉपरने उचलायचे, आकडे गोल करायचे, भरायचे, ओपॅसिटी १००. मधला रंग हिशोबाने येतो तोच ठेवायला हवा असंही नाही. डोळ्याला मरगळलेला वाटला तर उजळ कर. मास्टर फाइल ही. ओपॅसिटीवाली फाइल तुझ्या वहीसाठी ठेव.

सावली कापली जाते ते तुझ्या चित्रामुळे नाही. एसव्हीजीमध्ये सावली पाडणाऱ्या फिल्टरला चालायला ठराविक चौकट मिळते. काही सांगितलं नाही तर ती वस्तूच्या चारही बाजूंना फक्त १० टक्के जास्त धरते. सावली त्यापलीकडे गेली की छाटली जाते. फिल्टरच्या एक्स आणि वायला उणे ३० टक्के, रुंदी आणि उंचीला १६० टक्के दे, पुरेल. पण खरं सांगू? नर्सरीच्या लोगोला सावली हवीच असेल तर ती वेबसाइटच्या कोडमध्ये दे, लोगोच्या फाइलमध्ये भरू नकोस. उद्या मालक फाइल उचलून कुंडीच्या स्टिकरला देईल.

प्रश्न : आमचं कळव्यात ढोल-ताशा पथक आहे. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी टी-शर्ट, जॅकेटवर एम्ब्रॉयडरी, ढोलांवर रेडियम आणि मोठा बॅनर करायचाय. लोगोला ग्लो आणि सावली दोन्ही आहेत. सगळीकडे तोच चालेल का?

उत्तर : बॅनरवर चालेल, बाकी ठिकाणी नाही. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला फक्त रेघ कळते. पातं एक तर कापतं किंवा कापत नाही, अर्धवट पारदर्शक असं काही ते कापू शकत नाही. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करणाऱ्यालाही (डिझाइनचे टाके ठरवणाऱ्यालाही) तेच, दोरा एकाच रंगाचा असतो. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सावलीचे ठिपके पाडता येतात, पण कॉटनवर बारीक ठिपके एक तर भरतात नाहीतर गायब होतात आणि सावलीच्या जागी डाग दिसतो. या तिन्हींसाठी एकरंगी लोगो करून घ्या. स्टेट बँकेचं चिन्ह डोळ्यांसमोर आणा. गोल, मधे छिद्र, खाली चीर. रबरी शिक्क्यापासून इमारतीवरच्या पाटीपर्यंत तेच चालतं.

बॅनरच्या बाबतीत दोन गोष्टी. इलस्ट्रेटरची ड्रॉप शॅडो नेहमीच्या सेटिंगला ७ पॉइंट (अडीच मिलिमीटरच्या आसपास) सरकलेली असते. लोगो मोठा करताना प्रेफरन्समधलं स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स बंद असेल तर लोगो दहा फुटांचा होतो आणि सावली ७ पॉइंटचीच राहते, म्हणजे दिसतच नाही. दुसरं, ही सावली आतून पिक्सेलचीच असते. वेबसाठी उघडलेल्या फाइलमध्ये तिचं रेझोल्यूशन इंचाला ७२ पिक्सेल असतं. लांबून बघायच्या बॅनरला ते खपून जातं. पण त्याच फाइलमधून निमंत्रणपत्रिका छापणार असाल तर डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्जमध्ये आधी ३०० करा.

प्रश्न : पारदर्शक पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की मागे रंग येतो. (ऐरोली)

उत्तर : फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीजी होते आणि जेपीजीत पारदर्शकता नसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छपाईला द्यायची असेल तर पीएनजी पाठवूच नका. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, पीडीएफ ईमेलने द्या.