‘लोभ ही मूर्तिपूजा’: यात मूर्ती कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा: एका ख्रिस्ती लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘लोभ ही मूर्तिपूजाच आहे’ हे बायबलमधल्या प्रेषित पौलाचं म्हणणं येतं, आणि पुढे पैसा, करिअर, प्रसिद्धी, मोबाइल यांना ‘आधुनिक मूर्ती’ म्हटलं आहे. समोर मूर्ती नाही, कुणी पूजाही करत नाही, मग मूर्तिपूजा कशी? दुसरा शब्द वापरला तर चालेल का?

घोळ शब्दाच्या मुळातच आहे. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात ग्रीक शब्द आहे ‘एइदोलोलात्रिया’. त्यातला ‘एइदोलोन’ म्हणजे नुसता दिसणारा आकार, भास, छाया. ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक पाताळात आपल्या मेलेल्या आईला मिठी मारायला जातो आणि हाती काहीच लागत नाही, तेव्हा ‘हे नुसतं एइदोलोन तर नाही ना?’ असं तो विचारतो. आता आपला ‘मूर्ती’ बघा. तो ‘मूर्च्छ्’ धातूवरून आला: घट्ट होणं, गोठणं, आकार धरणं. म्हणून ‘अमूर्त’ ते जे हाती लागत नाही, आणि ‘मूर्तिमंत’ म्हणजे साक्षात. एखाद्याला ‘मूर्तिमंत सचोटी’ म्हटलं तर तो खूश होतो. ग्रीक शब्दाचा भर पोकळपणावर, मराठी शब्दाचा भरीवपणावर. अनुवादकांनी जवळात जवळचा शब्द घेतला आणि तो रुळला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण मराठी वाचक इथे अडखळला तर दोष त्याचाही नाही.

उरलेला अर्धा ‘लात्रिया’. याचा अर्थ सेवा, चाकरी. त्याच कुळातला ‘लात्रिस’ म्हणजे मोलाने राबणारा नोकर. तेव्हा हा शब्द वाचताना हार-धूपाच्या आधी राबणं डोळ्यांसमोर यायला हवं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही असं येशू म्हणतो, तिथलं क्रियापद तर सरळ गुलामाच्या राबण्याचं आहे. त्याच वाक्यातला ‘मामोन’ हा अरामी शब्द मुळात साधा, ‘संपत्ती’ या अर्थाचा. पुढे इंग्रज कवी मिल्टनने 1667च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात त्याचा पतित देवदूत केला. तो स्वर्गात होता तेव्हाही त्याची मान खालीच, कारण देवदर्शनापेक्षा त्याला तिथल्या फरशीचं सोनं जास्त आवडायचं! व्यंगचित्रकारालाही इतकं नेमकं जमणार नाही.

म्हणजे ख्रिस्ती परंपरेत ही कल्पना दगडापाशी थांबलेली नाही. दगड-लाकडाच्या मूर्तींवरची टीका बायबलमध्ये आहेच, ती झाकायचं कारण नाही. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 44व्या अध्यायातला सुतार अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करतो. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात हिंदूंशी घातलेल्या वादांत हा शब्द हत्यारासारखा वापरला, हेही खरं. त्यामुळे तो कानावर पडला की आपण सावध होतो. पण त्याच परंपरेत हे बोट स्वतःकडे वळवण्याची जुनी रीतही आहे, आणि तुमच्या लेखातला अर्थ त्या रीतीतला आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529च्या ‘मोठ्या प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात बायबलच्या दहा आज्ञांतल्या पहिल्या आज्ञेचा (माझ्याखेरीज दुसरा देव नको) अर्थ लावताना म्हटलं, की तुझं मन ज्याला चिकटलं आणि भिस्त ज्याच्यावर, तोच खरोखर तुझा देव. या व्याख्येत मूर्ती लागतच नाही.

हा अर्थ मला पटतो तो मात्र प्रवचनांपेक्षा कवींमुळे. इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फेर्नो’चा, म्हणजे नरकाच्या वर्णनाचा, 19वा सर्ग घ्या. चर्चची पदं आणि पवित्र गोष्टी विकणारे धर्माधिकारी तिथे खडकातल्या भोकांत डोकं खाली करून पुरलेले आहेत, तळपायांना ज्वाळा लागल्या आहेत. त्यांतल्या एका पोपला, तिसऱ्या निकोलसला, दान्ते सुनावतो: सोन्या-चांदीचा देव केलात तुम्ही. मूर्तिपूजकात आणि तुमच्यात फरक एवढाच, की तो एकाला भजतो, तुम्ही शंभरांना. शिवी इथे परधर्मीयाला दिलेली नाही. ती थेट पोपच्या पदरात पडली आहे.

जॉर्ज हर्बर्ट हा इंग्रज पाद्री-कवी 1633 साली वारला आणि त्याच वर्षी त्याचा ‘द टेम्पल’ हा संग्रह निघाला. त्यात लोभावर चौदा ओळींचं सुनीत आहे. तो पैशालाच समोर बसवून त्याची वंशावळ काढतो. तू खाणीत पडलेला, मळकट, कंगाल होतास. माणसाने तुला खणून काढलं, आगीत घालून चकचकीत केलं. मग त्याने तुझ्यावर शिक्का मारला, म्हणजे आपला चेहरा तुला दिला, आणि घात तिथेच झाला. चेहऱ्याबरोबर हक्कही गेला: आता माणूस तू, आणि माणूस हा तुझ्यापुढचा गाळ. शेवटी तुला खणता खणता खणणाराच खड्ड्यात पडतो. मला वाटतं, या कवितेमागे बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 115वं स्तोत्र असावं: मूर्तींना तोंड आहे पण बोलता येत नाही, डोळे आहेत पण दिसत नाही, आणि त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात. हर्बर्टने ही अदलाबदल टाकसाळीत नेली. आज नाण्याच्या जागी प्रोफाइलचा फोटो ठेवून ती कविता पुन्हा वाचा, फारसं काही बदलावं लागत नाही.

विल्यम कूपर या इंग्रज कवीचं उदाहरण याहून अवघड आहे. ‘ओल्नी हिम्स’ या 1779च्या संग्रहातल्या एका स्तोत्रात तो देवाला विनवतो, की मला सर्वांत प्रिय असलेली मूर्ती, ती कोणतीही असो, तुझ्या आसनावरून उपटून काढायला मला मदत कर. हे स्तोत्र 1769च्या डिसेंबरातलं. त्याला सांभाळणारी मेरी अन्विन तेव्हा गंभीर आजारी होती. म्हणजे ‘मूर्ती’ म्हणताना त्याच्या मनात पैसा-कीर्ती नसून हे प्रेमाचं माणूस असण्याची शक्यता मोठी आहे. कठोर वाटतं ना? मलाही वाटतं. पण शब्दाचा अर्थ इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. तक्रार त्या माणसाबद्दल नाहीच, आसनाबद्दल आहे.

आणि आसनाबद्दल बोलायला मराठीत शब्द तयार आहेत. ‘देव्हारे माजवणं’ हा वाक्प्रचार बघा: एखाद्या गोष्टीचं अवास्तव स्तोम करणं. मूर्तीचं नावही न घेता तो बरोबर जागेकडे बोट दाखवतो. ‘भजनी लागणं’ तर त्याहून चपखल. कुणी पैशाच्या भजनी लागला, कुणी दारूच्या. भक्ती अस्सल, भक्तीचा विषय चुकलेला, आणि ‘लात्रिया’तलं राबणंही त्यात आलं. ‘आयडॉल’ मात्र टाळा. तो मराठीत आता कौतुकाचा झाला आहे. ‘क्रिकेट हा त्याचा आयडॉल’ असं लिहिलंत तर वाचक टाळ्या वाजवेल. ‘प्रतिमापूजा’ही नको. पुढाऱ्यांच्या ‘प्रतिमेची’ इतकी चर्चा असते, की हा शब्द जनसंपर्काचा वाटायला लागतो.

तेव्हा अनुवादात बायबलचं वचन आहे तिथे ‘मूर्तिपूजा’च ठेवा. छापील मराठी बायबलांत तो रुळलेला आहे आणि ख्रिस्ती वाचकाला वचन ओळखू यायला हवं. त्याला लागूनच एक वाक्य घाला, की देवाची जागा घेणारं काहीही असा इथे अर्थ आहे. पुढच्या विवेचनात लेखकाचं स्वतःचं बोलणं सुरू झालं, की ‘देव्हारा’ आणि ‘भजनी लागणं’ मोकळेपणाने वापरा. ‘आधुनिक मूर्ती’ हे शीर्षक मात्र बदलाच, ते शिल्पप्रदर्शनाच्या पत्रिकेसारखं वाचलं जातं. मी ‘आजचे देव्हारे’ असं केलं असतं.