ब्रिटिश रेल्वेने १९६८ पर्यंत वाफेची जवळजवळ सगळी इंजिनं घाईघाईने काढली, हे चुकलं का?

काढली ते बरंच केलं. माती खाल्ली ती डिझेल इंजिनं घेताना. हे मी माझ्या मेहुण्याला कित्येक वर्षं सांगतोय.

मी यॉर्कशायरमध्ये राहतो आणि हौशी मंडळी चालवतात अशा एका जुन्या रेल्वेवर सुट्टीच्या दिवशी फुकट राबतो. मेहुणा नाशिकहून आला होता. वाफेचं इंजिन म्हणजे जिवंत प्राणी, हे त्याचं पालुपद. म्हटलं, चल, प्राण्याचं शेण काढू. पहाटे शेडमध्ये नेलं. पुढचं गोल दार उघडून स्मोकबॉक्समधली, म्हणजे धुराच्या पेटीतली राख फावड्याने ओढायची, भट्टीच्या जाळीला चिकटलेले क्लिंकर, म्हणजे जळक्या कोळशाचे दगडासारखे गोळे, सळईने फोडायचे, खालचा राखेचा ट्रे रिकामा करायचा. मग कुठे लाकडं पेटवायची, आणि थंड बॉयलरला वाफ धरायला पुढे कित्येक तास. साहेब थोड्याच वेळात काळं नाक घेऊन चहाला पसार. दुपारी डब्याच्या खिडकीतून व्हिडिओ काढताना पुन्हा तेच, "जिवंत प्राणी!"

कारखान्यात बऱ्या पगाराची स्वच्छ नोकरी मिळत असताना त्या काळी हे काम करायला पोरं कुठून येणार? शेडना माणसंच मिळेनात. हळहळणारे हे कारण सोयीस्कर विसरतात.

ब्रिटिश रेल्वेच्या १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत आधी १७४ डिझेल इंजिनं घेऊन, पारखून, मग मोठी ऑर्डर द्यायची असं ठरलं होतं. तोटा वाढला तसा धीर सुटला आणि पारखण्याआधीच नाना कारखान्यांची नाना मॉडेल्स घेऊन टाकली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची डिझेलं सतत बंद पडायची; कंपनीच १९६२ मध्ये बुडाली. स्विंडनच्या रेल्वे कारखान्याने १९६४-६५ मध्ये क्लास १४ नावाची ५६ डिझेल इंजिनं बांधली, १९६९ पर्यंत ब्रिटिश रेल्वेने ती काढूनही टाकली, कारण त्यांच्याजोगी छोटी मालवाहतूकच उरली नव्हती. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन 'इव्हनिंग स्टार' १९६० मध्ये बांधलं, १९६५ मध्ये निवृत्त केलं. मेहुणा म्हणतो, काढलं कशाला. अरे, बांधलंच कशाला?

हां, सगळीच डिझेलं टाकाऊ नव्हती. 'डेल्टिक' नावाच्या २२ डिझेल इंजिनांनी ५५ वाफेच्या इंजिनांचं काम उचललं आणि १९६२ पासून लंडन-एडिनबरा सहा तासांवर आणलं. मेहुण्याला हे सांगितलं की तो विषय बदलतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर आधी डेल्टिकचंच काढा.