घोड्यांच्या काविळीवर शिकून पोट भरेल का?

गोव्यातल्या वाळपईहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. घोडे, गाढवं, झेब्रे यांच्यात सापडलेल्या हेपॅटायटिससारख्या विषाणूंबद्दल तिने वाचलं आणि ‘मला हेच शिकायचंय’ म्हणून बसलीय. घरचे म्हणतात, आमच्या सत्तरी तालुक्यात घोडे दिसतात ते शिगम्यात, घोडेमोडणीच्या नाचाला, तेही लाकडाचे. यावर पोट कसं भरणार? आणि विषाणू हाताळताना पोरीला काही झालं तर?

नमस्कार ताई,

आधी तुमची भीती. घोड्यांचे हे विषाणू माणसाला होतात असा पुरावा आजवर मिळालेला नाही. शिवाय सुरक्षिततेचे नियम अंगवळणी पडल्याशिवाय चांगल्या प्रयोगशाळेत कुणालाही नमुन्याला हात लावू देत नाहीत.

आता तुमची बाय, म्हणजे लेक, ज्याच्या मागे लागलीय ते. माणसाचा हेपॅटायटिस सी १९८९ मध्ये सापडला, त्या कामाला २०२० चं नोबेल मिळालं, पण लस अजून नाही. एक मोठी अडचण अशी, की माणूस आणि चिंपांझी सोडले तर तो विषाणू सहसा कुणाच्या अंगात टिकत नाही. मग लस तपासायची कुणावर? २०१२ मध्ये घोड्यांत त्याचा अगदी जवळचा भाऊबंद सापडला. माणसांत हेपॅटायटिस सी बहुतेकांच्या यकृतात ठाण मांडतो; घोडे मात्र आपला विषाणू बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अंगाबाहेर टाकतात. त्यांना हे कसं जमतं, हा लाखमोलाचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये गाढवं आणि झेब्र्यांत हेपॅटायटिस बीचाही नातेवाईक मिळाला.

आणखी एक गोष्ट तिला जरूर सांगा. शंभरेक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर घोड्यांना साथीच्या रोगापासून वाचवण्यासाठी घोड्याच्याच रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, टोचत होते. काही आठवड्यांनी त्यातले काही घोडे काविळीने मेले. अशा घोड्याच्या हिरड्या पिवळ्या पडतात, तो भिंतीला कपाळ टेकून तसाच उभा राहतो. कारण कळायला २०१८ उजाडलं. अमेरिकेत नेब्रास्कातला एक घोडा धनुर्वातावरचा सीरम दिल्यावर मेला होता. त्याच्या शरीरात पार्वोव्हायरस गटातला एक नवा विषाणू मिळाला आणि तोच त्याला दिलेल्या सीरममध्येही होता!

सत्तरीत घोडे नाहीत, खरं. पण तुमच्याकडे काजूच्या बागायतीत कुणाला साप चावला, तर आरोग्य केंद्रात जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तापासूनच बनतं. त्या घोड्यांच्या रक्तात काय आहे हे बघणारं माणूस लागतंच. आणि २०१५ पासून सत्तरीने सोसलेला माकडताप? त्याचा विषाणू आणि घोड्यांतला हा हेपॅटायटिस सीचा भाऊबंद एकाच मोठ्या कुळातले, फ्लाव्हिव्हायरसच्या. या विषयात शिकलेली मुलगी उद्या तुमच्याच गावच्या कामी येईल.

वाट कोणती? माझं स्पष्ट मत, आधी पशुवैद्यक. बी.व्ही.एस्सी. साडेपाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच. देशभरातल्या कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरतात, म्हणून ती परीक्षा चुकवू नका. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. पुढे एम.व्ही.एस्सी. करताना विषाणूशास्त्र घेता येतं, आणि हिसारला घोड्यांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. संशोधन नाहीच जमलं, तरी पशुसंवर्धन खातं, लस बनवणाऱ्या कंपन्या किंवा स्वतःचा दवाखाना आहेच. पोटाची चिंता यात कमी आहे, म्हणून हा आग्रह.

जागा मिळाली नाही तर वर्षामागून वर्षं घालवू नका. गोव्यातच मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करू दे, मग ताळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी., किंवा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतला विषाणूशास्त्राचा एम.एस्सी. या वाटेने मात्र पीएच.डी.पर्यंत नेट धरावा लागतो, तेवढा खर्च आणि वेळ घरच्यांनी आधीच धरून चालावं.

एक काम आत्ताच करा. पुढच्या सुट्टीत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि तिला पंधरा दिवस रोज सकाळी पाठवा. डॉक्टर गाईच्या मानेची शीर अंगठ्याने दाबून सुई घालतात, गाय उसळते, शेणाने कपडे भरतात, ते तिला जवळून पाहू दे. मग तुम्ही नको, तिलाच मला पत्र लिहायला सांगा.